जॉन डनलॉप आणि हवेचे चाक

पिरनवाडीच्या नाक्यावर बेळगावहून येणाऱ्या रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक खानापूरकडे जाते. दुसरी जांबोटी, कणकुंबी करीत चोर्ला घाट उतरते आणि गोव्यात पोहोचते. ह्या दुसऱ्या वाटेच्या टोकाला माझे माहेर असल्यामुळे वर्षातून चार-सहा वेळा तरी आम्ही तीवरून जा-ये करतो. गेल्या आषाढात कणकुंबीच्या पुढे एका वळणावर आमची लहानशी जीपवजा गाडी साचलेल्या पाण्यावरून घसरली आणि रस्त्याकडेच्या गटाराशी जाऊन थांबली. गाडीत दोन्ही मुले होती. कोणास इजा झाली नाही. खाली उतरून पाहिले तेव्हा टायरांवरील नक्षी जवळजवळ पुसून गेलेली दिसली. दोष सर्वस्वी आमचाच होता.

परत आल्यावर नवे टायर पाहण्याकरिता आम्ही दुकानात गेलो. तेथे माझ्या वर्गातील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आला होता. भिंतीवरच्या एका जुन्या पत्र्याच्या पाटीकडे बोट दाखवून त्याने मला विचारले, की डनलॉप हे गाव कोठे आहे? मला हसू आले. परंतु नंतर लक्षात आले, की हा प्रश्न दिसतो तितका वेडगळ नव्हे. आपल्या भागातील वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी रबरी चाकांची बैलगाडी म्हणजे डनलॉप गाडी. ज्याचे नाव गाडीस मिळाले तो माणूस मात्र कोणास ठाऊक नाही. त्या विद्यार्थ्यास तेव्हा पुरे उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

डनलॉप नावाचे गाव खरोखरच आहे. स्कॉटलंडच्या एअरशर परगण्यात ते असून तेथील चीज पूर्वीपासून नावाजलेले आहे. परंतु आपले डनलॉप त्याच परगण्यातील ड्रेगहॉर्न येथे, एका शेतकरी कुटुंबात, ५ फेब्रुवारी १८४० रोजी जन्मले. त्यांचे पूर्ण नाव जॉन बॉइड डनलॉप. पुढे जगभर गाजलेला हा मनुष्य अभियंता नव्हता, कारखानदारही नव्हता. एडिंबरो येथे शिकून तो गुरांचा डॉक्टर झाला. काही वर्षे तेथेच काढून १८६७ मध्ये ते आयर्लंडमध्ये गेले आणि पुढे बेलफास्ट शहरात त्यांनी आपला दवाखाना थाटला. आयर्लंडमधील मोठ्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत त्याची गणना होत असे. घोडा हे त्या काळचे मुख्य वाहन; तेव्हा दवाखान्यात काम किती असेल ह्याची कल्पना करावी. १८७१ मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्यांना एक मुलगा व एक मुलगी झाली.

आयुष्याची सत्तेचाळीस वर्षे अशी गेली. ह्यापुढे काही घडले नसते, तर बेलफास्टबाहेर त्यांचे नाव कोणाच्या कानी पडले नसते.

मुलगा जॉनी त्या वेळी नऊ-दहा वर्षांचा होता. त्याची एक तीनचाकी सायकल होती. तिच्या चाकांना भरीव रबराची धाव होती आणि शहरातील रस्ते दगडी फरसबंदीचे होते. त्यामुळे स्वारास हाडे खिळखिळी होईपर्यंत हादरे बसत. सायकल चालविणारा प्रत्येक मुलगा हे सोसत होता आणि प्रत्येक बाप ते पाहत होता. डनलॉप ह्यांनी मात्र कारण शोधावयास घेतले. रस्ता बदलणे आपल्या हाती नाही. मग रस्ता आणि चाक ह्यांच्यामध्ये जे काही येते ते बदलता येईल काय, असा त्यांचा विचार होता.

१८८७ च्या ऑक्टोबरात त्यांनी आपल्या घराच्या अंगणात प्रयोग आरंभिला. लाकडाची एक मोठी तबकडी घेतली. तिचा व्यास सुमारे ९६ सेंटिमीटर होता. पातळ रबराच्या पत्र्याची नळी करून ती तबकडीच्या कडेवर बसविली, वरून लिननचे कापड खिळ्यांनी पक्के केले आणि फुटबॉलच्या पंपाने नळीत हवा भरली. ह्यानंतरची परीक्षा इतकी साधी होती, की आपल्या शाळेच्या अंगणातही करून पाहता यावी. जॉनीच्या सायकलचे जुने चाक आणि हे नवे चाक त्यांनी अंगणावरून घरंगळत सोडले. जुने चाक थोडे अंतर जाऊन आडवे पडले. हवेचे चाक अंगण ओलांडून फाटकाच्या खांबावर आपटले आणि उसळून मागे आले.

आमच्या घरी कोंकणीत चाकाला रोद म्हणतात. लहानपणी सायकलच्या जुन्या टायरचे रोद काठीने हाकीत आम्ही घाटीवर धावत असू, आणि ते दगडावर उसळून हातातून निसटे. हीच उसळी बेलफास्टमध्ये एका प्रौढ मनुष्याने पाहिली आणि तिचा अर्थ त्याने लावला. खडा लागताच भरीव चाक उचलले जाते, त्याबरोबर गाडी आणि स्वार दोन्ही उचलले जातात आणि पुढे जाण्याची शक्ती तेथे वाया जाते. हवेचे चाक खड्याभोवती दबते आणि मग आपल्या आकारास येते. गाडी आपल्या पातळीवर राहते. म्हणजे हवेच्या चाकाने सुख वाढते आणि वेगही वाढतो. डनलॉप शोधीत होते सुख. वेग त्यांना अनपेक्षितपणे सापडला.

जॉनीच्या सायकलच्या मागील दोन्ही चाकांना ही नवी धाव बसली. पुढे मोठ्या सायकलवर प्रयोग झाले आणि ७ डिसेंबर १८८८ रोजी पेटंट मिळाले. नंतरच्या वर्षी, १८ मे १८८९ रोजी, बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या मैदानावर सायकलींच्या शर्यती झाल्या. विली ह्यूम नावाचा तरुण हे जाडजूड, बोजड दिसणारे टायर लावून उतरला तेव्हा प्रेक्षकांत हशा पिकला. ह्यूमने चारही शर्यती जिंकल्या. थोड्याच दिवसांनी त्याने इंग्लंडात लिव्हरपूल येथे एक सोडून सर्व शर्यती मारल्या. पराभूतांत हार्वे ड्यू क्रॉस ह्या व्यापाऱ्याचे मुलगे होते. मुलांचा पराभव पाहून बापाने टायरची किंमत ओळखली आणि त्याच वर्षी डब्लिन येथे हवेच्या टायरची कंपनी उभी राहिली. आपल्या बेळगावच्या संबंधाने एक गोष्ट येथेच नोंदवावीशी वाटते. लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू ह्यांचे बेळगावातील सायकलींचे दुकान हा किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ मानला जातो, आणि त्याचे वर्ष १८८८ असेच सांगतात. शहरातील किर्लोस्कर रस्ता आजही त्या नावाची आठवण ठेवून आहे.

आता कथेतील कडू भाग. १८९० मध्ये डनलॉप ह्यांना कळविण्यात आले, की त्यांचे पेटंट टिकणारे नाही. रॉबर्ट विल्यम थॉमसन ह्या दुसऱ्या स्कॉटिश गृहस्थाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. आत रबर चढविलेल्या कापडाची नळी आणि बाहेर कातडे, अशी त्याची चाके होती आणि ती त्याने लंडनमध्ये घोडागाडीवर चालवूनही दाखविली होती. डनलॉप ह्यांना ह्यातील काहीच ठाऊक नव्हते. थॉमसन बुद्धीने कमी होता असे मुळीच नव्हे. परंतु त्याच्या काळी रबर महाग होते आणि सायकल जन्मावयाची होती. घोडा ओढीत असलेल्या गाडीत बसणाऱ्याला आपली शक्ती वाया जाते हे कळत नाही. स्वतः पायटे मारणाऱ्याला ते लगेच कळते. ज्याला गरज होती तो गिऱ्हाईकच अजून आला नव्हता, असे म्हणणे मला योग्य वाटते.

पेटंट गेले तरी कंपनी तगली. डनलॉप ह्यांचा पहिला टायर रिमला चिकटविलेला असे. पंक्चर काढावयाचे म्हणजे तासन्‌तास मोडत. १८९० मध्ये वेल्च आणि बार्टलेट ह्या दोघांनी, एकमेकांपासून वेगळे, टायर रिमवरून काढता-घालता येईल अशा युक्त्या शोधल्या. कंपनीने दोहोंचे हक्क विकत घेतले आणि तिचा पाया त्यांवर उभा राहिला. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार चालविली. डनलॉप ह्यांनी आपले हक्क बेताच्या रकमेस आणि थोड्या भागांस दिले होते. १८९५ च्या सुमारास ते कंपनीतून बाहेर पडले. पुढच्याच वर्षी ती कंपनी तीस लाख पौंडांना विकली गेली. त्या संपत्तीचा मोठा वाटा त्यांच्या घरी आला नाही. नाव मात्र सर्वत्र गेले. बंगालमधील साहागंज येथे १९३६ मध्ये त्याच नावाचा कारखाना निघाला.

येथे एक गोष्ट गाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. सायकली आणि मोटारी वाढल्या तसे रबर हवे झाले आणि ते जंगलांतून यावयाचे. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड ह्याच्या ताब्यात १८८५ पासून १९०८ पर्यंत असलेल्या काँगोत रबर गोळा करण्यासाठी तेथील लोकांवर अमानुष जुलूम झाला. ठरलेले रबर न आणणाऱ्यांच्या वस्त्या जाळण्यात आल्या, माणसांचे हात तोडण्यात आले. एका बापाने मुलाचे हादरे चुकविण्यासाठी केलेल्या वस्तूच्या पाठीमागे दुसऱ्या खंडातील बापांवर हे गुदरले. डनलॉप ह्यांचा त्यात हात नव्हता. परंतु टायरचा इतिहास सांगताना शर्यतींची वर्णने करावयाची आणि हे झाकावयाचे, हे बरे नव्हे. पुढे रबराची लागवड आशियात वाढली. केरळात १९०२ पासून तिचे मळे आहेत आणि आज आमच्या वाटेपासून फार दूर नसलेल्या दोडामार्ग भागातही रबराच्या बागा दिसतात.

डनलॉप ह्यांची अखेरची वर्षे डब्लिनमध्ये गेली. कंपनीच्या जाहिरातींत त्यांचे चित्र उंच टोपी घातलेल्या एखाद्या छानछोकी गृहस्थासारखे येई. साध्या राहणीच्या ह्या पशुवैद्यास ते रुचले नाही. २३ ऑक्टोबर १९२१ रोजी त्यांचे निधन झाले. हवेच्या टायरचा इतिहास त्यांनी लिहून ठेवला होता; त्यांच्या कन्येने तो १९२४ मध्ये प्रसिद्ध केला.

हे सारे वाचून झाल्यावर आम्ही पुन्हा दुकानात गेलो. ह्या वेळी पाहण्याची दृष्टी निराळी होती. दुकानदाराने पुढे ठेवलेले टायर ऑल टेरेन, म्हणजे सर्व प्रकारच्या जमिनीवर चालणारे, म्हणून विकले जातात. त्यांवरील रबराचे ठोकळे मोठे आणि खाचा रुंद असतात. सुट्या खडीवर, फुटलेल्या डांबरावर, जांभ्याच्या खडबडीत वाटेवर ते चांगली पकड घेतात आणि त्यांची बाजू दगडाने सहसा कापली जात नाही. परंतु ते वजनाने जड, आवाज अधिक, पेट्रोल थोडे जास्त. आणि ओल्या गुळगुळीत डांबरावर ब्रेक लावता चांगला रस्त्याचा टायर पुष्कळदा त्यांच्याआधी थांबतो. निपाणीकडील काळी माती तर पावसात ह्या खाचांतही गच्च भरून बसते आणि मग टायर कोणता होता हे ओळखता येत नाही. तेव्हा सर्व जमीन हे नाव दुकानाचे. जमीन आपली आपण पाहावयाची. आमचे यजमान रुंद टायर घ्यावेत अशा मताचे होते, कारण ते दिसण्यात रुबाबदार. डनलॉप ह्यांची दोन चाकांची परीक्षा मी त्यांना सांगितली. अंगणात चाके सोडणे शक्य नव्हते, म्हणून जांबोटी-कणकुंबीच्या वाटेने रोज भाजी व दूध नेणाऱ्या चालकांना आम्ही विचारले. बहुतेकांचे म्हणणे पडले, की आकार कंपनीने दिलेलाच ठेवा, नक्षी मध्यम खोल घ्या आणि हवा नियमाने तपासा.

आमच्या टायरवर १९५/८० आर १५ असे लिहिलेले असते. विद्यार्थ्यांनी घरची गाडी पाहून हे वाचण्याचा सराव करावा. रुंदी १९५ मिलिमीटर. बाजूची उंची त्याच्या ८० टक्के, म्हणजे १५६ मिलिमीटर. आर म्हणजे आतील धागे रेडियल पद्धतीने, आडवे बसविलेले. आणि रिमचा व्यास १५ इंच. ही बाजूची उंची म्हणजेच डनलॉप ह्यांच्या हवेची जागा. ती जितकी अधिक, तितका खड्डा सोसतो. याच बाजूवर चार आकडी शिक्का असतो. त्यातील पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दाखवितात. आम्हास प्रथम दाखविलेले टायर चार वर्षे पडून होते. दुसरे मागविले. झिजल्याची खूण खाचेत १.६ मिलिमीटर उंचीवर केलेली असते; नक्षी तेथवर आली, की टायर बदलावयाचा. आमचे त्याच्याही खाली गेले होते. हवा किती भरावी हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीत दिलेले असते. गाडीचे ओझे रबर पेलीत नाही, आतील हवा पेलते. ती कमी असेल तर उत्तम टायरही व्यर्थ.

आम्ही मध्यम नक्षीचे ऑल टेरेन टायर घेतले, मूळच्याच आकाराचे. वर्षातील बहुतेक दिवस ही गाडी बेळगावच्या डांबरावर चालते, त्यामुळे आमची निवड थोडी अधिकच झाली असे काही जाणते म्हणतील, आणि ते खोटे नाही. परंतु आषाढातले ते वळण आमच्या हिशेबात जड पडले. पाचवा टायर, म्हणजे स्टेपनी, हाही त्याच जातीचा घेतला.

तो विद्यार्थी मध्यंतरी पुन्हा भेटला. डनलॉप हे गाव आहे परंतु टायरचे नाव माणसाचे आहे, हे सांगताच तो किंचित हिरमुसला. म्हणून मी त्याला सांगितले, की स्टेपनी हे नाव मात्र जागेचेच आहे. वेल्समधील लानेल्ली शहरात स्टेपनी नावाचा रस्ता आहे आणि तेथील दुकानदार बंधूंनी १९०४ मध्ये जादा चाक विकावयास काढले. त्यावर त्याने लगेच विचारले, की मग पंक्चर हे नाव कोणाचे?