मनाशी बोलणारे श्रीसमर्थ रामदास

आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदामाई वाहते. तिच्या पलीकडे, जालना जिल्ह्यात, जांब हे गाव आहे. तेथे शके १५३० (इ. स. १६०८) च्या रामनवमीस सूर्याजीपंत ठोसर व राणूबाई यांच्या पोटी श्रीसमर्थांचा जन्म झाला. पाळण्यातले नाव नारायण. मुलगा मोठा खोडकर. झाडावर चढावे, डोहात उड्या घ्याव्यात, घरी म्हणून ठरायचे नाही. बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, ही कथा लहानथोरांस ठाऊकच आहे.

पुढे नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे तपश्चर्या केली. नंदिनी-गोदावरीच्या संगमात पहाटेपासून माध्यान्हापर्यंत पाण्यात उभे राहून जप, नंतर पंचवटीत माधुकरी, मग वाचन व लेखन. त्यांच्या हातचे म्हणून वाल्मीकी रामायण धुळ्यास जतन केलेले आहे. जप तेरा कोटी झाला असे सांगतात. संख्या मोठी खरीच. पण त्याहून मोलाचे हे की, चंचल मनाला त्यांनी रिकामे बसू दिले नाही. पाण्यात असता मुखी नाम, बाहेर आल्यावर हाती लेखणी.

त्यानंतर बारा वर्षे पायी तीर्थाटन. साधूंच्या चरित्रांत मागे राहिलेल्या आईचे दुःख बहुधा एका ओळीत आटोपते. येथे तसे करवत नाही. चोवीस वर्षांनी समर्थ जांबेस आले तेव्हा राणूबाईंची दृष्टी गेली होती, असे सांप्रदायिक चरित्रे सांगतात. मुलाच्या वाटेकडे लागलेले त्या माउलीचे मन कोणत्या जपाने स्थिर झाले असेल?

शके १५७० त समर्थांनी चाफळास राममंदिर उभारले. अकरा मारुती स्थापिले, दासबोध लिहिला. पण खेड्यापाड्यांत घरोघरी पोचले ते मनाचे श्लोक. हे श्लोक २०५. त्यांत समर्थ मनावर सहसा रागावत नाहीत. भल्या माणसाला आदराने हाक मारावी तशी हाक मारून समजावतात. वासना आवर, क्रोध टाक, पहाटे रामाचे चिंतन कर. चालही अशी की वाट चालता चालता म्हणता यावी. शिष्य भिक्षेस निघत तेव्हा दारोदारी हे श्लोक म्हणत. ज्याला पोथी वाचता येत नसे, त्याच्याही कानी ते पडत.

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस (इ. स. १६८२) समर्थांनी सज्जनगडावर देह ठेवला. ती तिथी दासनवमी म्हणून पाळतात. जांबेस मात्र उत्सव भरतो तो रामनवमीला.