नारूच्या मागावर डॉ. कार्टर

पायावर फोड यायचा, तो फुटायचा आणि आतून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी डोकावायचा. कधी दोन हात लांब. काडीवर गुंडाळत तो रोज थोडा थोडा बाहेर काढावा लागे. हा नारू. आमच्या कसबा पेठेतल्या वयस्कर मंडळींना तो निदान ऐकून तरी ठाऊक असतो.

तो शरीरात शिरतो कुठून, हे मुंबईत शोधायला बसले डॉ. हेन्री जॉन कार्टर. ('ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे हेन्री व्हॅनडाइक कार्टर वेगळे. तेही मुंबईतच होते, त्यामुळे डॉक्टरांचीसुद्धा गल्लत होते.) १८१३ मध्ये इंग्लंडातल्या डेव्हनमध्ये जन्मलेले हे सर्जन १८४२ मध्ये कंपनीच्या नोकरीत मुंबईला आले. त्यांनी अरबस्तानच्या किनाऱ्याची पाहणी केली, मुंबई बेटाच्या खडकांवर लिहिलं. पण त्यांचा खरा जीव सूक्ष्मदर्शकात.

मुंबईच्या तलावांत त्यांना सुतासारखे असंख्य कृमी दिसले. त्यांनी त्यांची चित्रं काढली, वर्णनं लिहिली, एका गटाला युरोलेबिस हे नाव दिलं. एका शाळेतली पन्नास मुलं अशा कृमींनी भरलेल्या तळ्यात पोहत. वर्षभरात एकवीस जणांना नारू झाला. हेच कृमी त्वचेतून शिरून नारू होतात, असं कार्टर यांना वाटलं. आकडे खरे होते, निष्कर्ष चुकला. पोहताना पाणी पोटातही जातं!

गोम ओळख पटवण्यात होती. हे कृमी स्वतंत्र जगणारे. त्यांचे भाऊबंद शेवाळात, ओल्या मातीत, जंगलातल्या पालापाचोळ्याखाली राहतात, तिथेच वयात येतात, अंडी घालतात. त्यांना माणूस लागत नाही. नारूच्या पिल्लाला मात्र लांब, केसासारखी शेपटी असते. आजही रानातली मूठभर माती तपासली तर शेकडो सूत्रकृमी निघतात आणि वरवर सगळे सारखेच दिसतात. तोंडातली सुई, शेपटीची ठेवण, नराचे अवयव, लांबी-जाडीचं प्रमाण हे सगळं पाहावं लागतं. पूर्ण वाढ न झालेल्या कृमीची जात सांगणं तर महाकठीण.

नारूचा खरा वाहक १८७० च्या सुमारास रशियन संशोधक फेडचेंको यांना तुर्कस्तानात, म्हणजे आजच्या मध्य आशियात, सापडला : पाण्यातला सायक्लॉप्स हा पिसवेएवढा जीव. तो पोटात गेला की नारू. म्हणजे पोहणं बंद करण्यापेक्षा पिण्याचं पाणी फडक्यानं गाळणं महत्त्वाचं, आणि नारूच्या रोग्यानं विहिरीत पाय बुडवू नये.

तरी माझ्या मते कार्टर यांचं काम वाया गेलं नाही. त्यांनी नीट चित्रं काढून ठेवली, म्हणूनच पुढच्यांना फरक दाखवता आला. १८५९ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १८६२ मध्ये मायदेशी परतले आणि पुढची तीसेक वर्षं समुद्रातल्या स्पंजांच्या जाती ओळखण्यात रमले. १८९५ मध्ये ते वारले. भारतातला नारूचा शेवटचा रुग्ण सापडला तो त्यानंतर १०१ वर्षांनी, १९९६ मध्ये, राजस्थानात.