दिव्यामागचा डेटा: फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि इन्फोग्राफिकची गोष्ट

गेल्या उन्हाळ्यात मी मोबाईलवर एक इन्फोग्राफिक बनवलं आणि त्यावरून आमच्या सोसायटीत चक्क भांडण लागलं.

झालं असं, की एप्रिल महिन्यात ए विंगला पाण्याचे ७ टँकर लागले आणि बी विंगला १४. नुसते आकडे कोण वाचणार, म्हणून मी पाण्याचे दोन थेंब काढले. ए विंगचा लहान, बी विंगचा त्याच्या दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद. मस्त निळा रंग दिला आणि ग्रुपवर टाकलं. पाच मिनिटांत सुरू! बी विंगवाले पाणी उधळतात, त्यांनी जास्त मेंटेनन्स भरावा वगैरे. बी विंगमधले एक निवृत्त काका टाकीच्या व्हॉल्व्हचं काम बघतात, बिनपगारी. त्यांना लोकांनी नाही नाही ते ऐकवलं.

माझा एकही आकडा चुकीचा नव्हता. तरी चित्र खोटं बोलत होतं. नेमकं काय चुकलं हे शोधत बसलो आणि शोधता शोधता एका अशा बाईंपर्यंत पोहोचलो, ज्यांना आपण सगळे शाळेपासून ओळखतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल. हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांजवळ फिरणारी परिचारिका. बरोबर ना? पण याच बाईंनी जगातल्या सर्वांत गाजलेल्या इन्फोग्राफिक्सपैकी एक बनवलं आणि माझ्यासारखीच चूकही केली, हे मला कुणी शाळेत सांगितलं नव्हतं. म्हणून आज त्यांची गोष्ट.

श्रीमंत घर आणि गणिताचं वेड

फ्लॉरेन्स यांचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात. शहराचं नाव तेच मुलीचं नाव. त्यांचे आईवडील श्रीमंत इंग्रज होते. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच शिकवलं. याद्या करणं, तक्ते मांडणं याची फ्लॉरेन्सना लहानपणापासून आवड, आणि गणित तर जीव की प्राण. त्या काळी मोठ्या घरच्या मुलीने गणित शिकून करायचं काय, असा घरच्यांचा सूर होता. लग्न करावं, घर सांभाळावं, बस.

त्यात फ्लॉरेन्सनी सांगितलं की मला रुग्णसेवा करायची आहे. घरात वादळच झालं. तेव्हा हॉस्पिटलमध्ये काम करणं हे चांगल्या घरच्या बाईचं काम मानलं जात नव्हतं. काही वर्षं ही ओढाताण चालली. शेवटी १८५१ मध्ये त्यांनी जर्मनीतल्या कायझरवर्थ इथे प्रशिक्षण घेतलं आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या एका लहान रुग्णालयाची जबाबदारी घेतली.

स्कुतारी: गोळीपेक्षा घाण भारी

१८५४ मध्ये ब्रिटन क्रिमियाच्या युद्धात उतरलं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. ब्रिटिश सैनिकांचे हाल वर्तमानपत्रांत छापून येऊ लागले, लोक चिडले आणि सरकारने फ्लॉरेन्सना ३८ परिचारिकांसह तिकडे पाठवलं. ४ नोव्हेंबर १८५४ ला त्या स्कुतारीला पोहोचल्या. आज हा भाग इस्तंबूल शहरात येतो, उस्कुदार नावाने. तेव्हा फ्लॉरेन्स ३४ वर्षांच्या होत्या.

हॉस्पिटल म्हणजे सैन्याची एक प्रचंड बराक. खाली तुंबलेली गटारं, वर खचाखच भरलेले वॉर्ड, हवा खेळायला जागा नाही. बाईंनी स्वयंपाकघर, धुलाई, कपडे, बँडेज या सगळ्याची घडी बसवली. पण आता नीट ऐका. त्या पोहोचल्यानंतर मृत्यू कमी झाले नाहीत, वाढले.

जानेवारी १८५५ चे आकडे बघा. हे एका हॉस्पिटलचे नाहीत, तिकडच्या सगळ्या ब्रिटिश सैन्याचे आहेत. सैनिक होते ३२,३९३. त्या एका महिन्यात जखमांनी मेले ८३. आणि रोगांनी? २,७६१! कॉलरा, जुलाब, ताप. इतर कारणांनी आणखी ३२४. म्हणजे एका महिन्यात दर १० सैनिकांमागे जवळपास एक गेला, आणि त्यातल्या बहुतेकांना रशियाची गोळी लागलीच नव्हती.

मार्च १८५५ मध्ये ब्रिटनहून स्वच्छता आयोग आला. त्यांनी गटारं साफ केली, हवा खेळती केली, पाण्याची सोय सुधारली. त्यानंतर मृत्यूंचा आकडा झपाट्याने उतरला. बरोबर एक वर्षाने, जानेवारी १८५६ मध्ये, ४४,२१२ सैनिकांपैकी रोगाने मेले ४२. सगळी कारणं धरून ९२. हे श्रेय एकट्या फ्लॉरेन्स यांचं नाही, आयोगाच्या माणसांचंही आहे. बाईंचं खरं मोठं काम पुढे घरी परतल्यावर सुरू झालं.

आकडे होते, पण वाचणार कोण?

१८५६ मध्ये फ्लॉरेन्स परत आल्या तेव्हा त्या देशाच्या लाडक्या झाल्या होत्या. पण त्यांना सत्कार नको होते. युद्ध संपलं तरी बराकी तशाच घाणेरड्या होत्या. शांततेच्या काळातसुद्धा इंग्लंडमधल्या बराकींत राहणारे तरुण सैनिक, त्याच वयाच्या साध्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट वेगाने मरत होते. हे थांबवायचं तर सरकार हलायला हवं होतं.

त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाची मदत घेतली. दोघांनी मिळून कागदपत्रं चाळली, आकडे जुळवले. फार यांचं मत असं की आकडेवारी कोरडीच असावी, जितकी कोरडी तितकी चांगली. बाईंना ते पटेना. मंत्री, खासदार, राणी व्हिक्टोरिया यांच्यासमोर तक्त्यांची चवड ठेवली तर कोण वाचणार? आपण नाही का लांबलचक मेसेज न वाचता स्क्रोल करत! म्हणून त्यांनी ठरवलं, आकडे डोळ्यांना दिसले पाहिजेत.

तो ग्राफ कसा वाचायचा?

तुमच्या डोळ्यांसमोर एक गोल आणा, घड्याळासारखा. त्याचे १२ समान भाग, प्रत्येक भाग एका महिन्याचा. पाय चार्टमध्ये भागाची रुंदी कमीजास्त होते. इथे रुंदी सगळ्यांची सारखी, पण पाकळी मध्यापासून किती बाहेर जाते ते बदलतं. मृत्यू जास्त, तर पाकळी मोठी.

रंग तीन. निळा म्हणजे टाळता येण्यासारखे रोग, लाल म्हणजे जखमा, काळा म्हणजे बाकी कारणं. तिन्ही रंग मध्यापासूनच मोजायचे.

असे दोन गोल शेजारी शेजारी. उजवीकडे एप्रिल १८५४ ते मार्च १८५५, डावीकडे पुढचं वर्ष. उजवीकडे निळ्या पाकळ्या अक्षरशः अंगावर येतात, आणि लाल रंग मध्याजवळ लहानसा दिसतो. डावीकडे सगळं आक्रसत जातं. युद्धात सैनिकाला कोण मारतं, याचं उत्तर एका नजरेत मिळतं. कसं वाचायचं याची सूचनाही बाईंनी ग्राफच्या बाजूलाच लिहिली.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. उजव्या गोलातल्या सर्वांत मोठ्या पाकळ्या कोणत्या महिन्यांच्या आहेत? जानेवारी आणि फेब्रुवारी १८५५. म्हणजे त्या स्वतः तिथे काम करत होत्या तेव्हाच्या. दिवा घेतलेल्या देवीची प्रतिमा जपायची असती तर हे महिने दुसऱ्या कशात तरी मिसळून टाकता आले असते. त्यांनी ते सर्वांत ठळक दिसतील असेच ठेवले.

आता ती चूक

पाकळ्यांच्या ग्राफआधी बाईंनी दुसरी एक पद्धत वापरली होती. मध्यापासून रेषा काढायच्या, मृत्यूच्या दराइतकी रेषेची लांबी, आणि टोकं जोडून आत रंग भरायचा. आकृती दिसायची वटवाघळाच्या पंखासारखी.

गडबड कुठे आहे? मोजलं लांबीने, पण वाचणाऱ्याचा डोळा लांबी बघत नाही, रंगलेली जागा बघतो, म्हणजे क्षेत्रफळ. लांबी दुप्पट केली की क्षेत्रफळ होतं चौपट! त्यामुळे वाईट महिने होते त्याहून कितीतरी वाईट दिसत होते.

माझे थेंब आठवले का? दुप्पट उंच, दुप्पट रुंद, म्हणजे जागा चौपट. १४ टँकर लोकांना २८ सारखे दिसले.

गंमत म्हणजे ही चूक बाईंच्या फायद्याची होती. मृत्यू जितके भयानक दिसतील तितकं सरकार लवकर हलेल. गप्प बसल्या असत्या तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यांनी छापलेल्या पुस्तकात चूक कबूल करणारी चिठ्ठी घातली, आणि पुढचा ग्राफ क्षेत्रफळाच्या हिशोबाने काढला. आज जगभर प्रसिद्ध आहे तो हाच.

हिशोब सोपा आहे. जानेवारी १८५५ मध्ये रोगाचे मृत्यू जखमांच्या ३३ पट होते. गोल काढून दाखवायचे असतील तर त्रिज्या ३३ पट नाही करायची, ३३ चं वर्गमूळ घ्यायचं, साधारण पावणेसहा पट. त्रिज्याच ३३ पट केली तर गोल हजार पटीहून मोठा दिसेल. एवढा फरक!

पुढे काय झालं?

सैन्याच्या आरोग्यासाठी १८५७ मध्ये शाही आयोग नेमला गेला होता, त्याच्या कामामागे बाईंचीच आकडेवारी होती. बराकींची हवा, पाणी, गटारं यांत सुधारणा झाल्या. १८५८ मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. १८६० मध्ये सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये त्यांच्या नावाने परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली.

हे सगळं करताना त्यांची तब्येत पार ढासळलेली होती. क्रिमियात आलेल्या तापाने त्यांना पुढे अनेक वर्षं अंथरुणाला खिळवलं. बरंचसं काम त्यांनी खोलीत बसून, पत्रं लिहून केलं.

आणि त्यात आपला भारतही होता. १८५९ मध्ये भारतातल्या सैन्याच्या आरोग्यासाठी आयोग नेमला गेला. इथल्या छावण्यांकडून प्रश्नावली भरून मागवण्यात आल्या. १८६३ च्या अहवालातलं चित्र भीषण होतं: भारतातल्या ब्रिटिश सैनिकांत दर वर्षी हजारी ६९ मृत्यू. अहवाल दोन जाडजूड खंडांचा, म्हणून बाईंनी आपली निरीक्षणं वेगळी लिहिली आणि त्यात इथलं पाणी, गटारं, बराकी दाखवणारी चित्रं घातली. पुन्हा तीच युक्ती, वाचणाऱ्याला दाखवा. दहा वर्षांनी, १८७३ मध्ये, हा दर हजारी १८ वर आला होता.

पुढे त्यांचं लक्ष छावणीतून गावाकडे वळलं. दुष्काळ, पाटबंधारे, शेतकऱ्याचं कर्ज, गावची स्वच्छता. आपल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेशी, जिच्या कामात न्यायमूर्ती रानडे होते, त्यांचा पत्रव्यवहार होता. बाई भारतात मात्र कधीच येऊ शकल्या नाहीत. १९०७ मध्ये त्यांना ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान मिळाला, तो मिळवणाऱ्याही त्या पहिल्या स्त्री. १३ ऑगस्ट १९१० ला वयाच्या ९० व्या वर्षी त्या गेल्या. त्यांचा वाढदिवस, १२ मे, आज जगभर परिचारिका दिन म्हणून पाळतात.

इन्फोग्राफिक बनवताना किंवा फॉरवर्ड करताना

बाईंच्या कामातून मी माझ्यासाठी चार नियम काढलेत. तुम्हीही वापरा.

१. चित्राचा आकार वाढवताना क्षेत्रफळ बघा. खात्री नसेल तर सरळ बार चार्ट काढा. बारची रुंदी सारखी ठेवा, फक्त उंची बदला.

२. एकूण आकडा नको, दर द्या. नाइटिंगेलबाईंनी नुसते मृत्यू नाही दाखवले, सैनिकांच्या संख्येच्या प्रमाणात दाखवले.

३. रंग कमी आणि प्रत्येकाचा अर्थ चित्रावरच लिहिलेला.

४. आपल्या बाजूने झालेली चूकसुद्धा दुरुस्त करा, आणि जिथे चुकलो तिथेच सांगा.

दुसरा नियम मला फार महागात पडला होता. आमच्या ए विंगमध्ये फ्लॅट आहेत २०, बी विंगमध्ये ४४. टँकर १० हजार लिटरचा. हिशोब करा: ए विंगमध्ये एका फ्लॅटमागे महिन्याला साडेतीन हजार लिटर, बी विंगमध्ये ३,२०० सुद्धा नाही. म्हणजे पाणी जास्त वापरत होती आमचीच ए विंग!

मी नवीन चित्र बनवलं, दोन साधे बार. खाली लिहिलं की आधीचं चित्र चुकीचं होतं, चूक माझी होती, काकांची माफी मागतो. मग त्याच ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणीच काही बोललं नाही. रात्री काकांचा मेसेज आला. फक्त एक अंगठा.