विहीर खणणारा जॉन म्यूर

जॉन म्यूर या नावाचे दोन स्कॉटिश पुरुष एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आले. पहिला १८१० साली ग्लासगोला जन्मला. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तो हिंदुस्थानात आला, संस्कृतचा पंडित झाला आणि १८६२ मध्ये एडिंबरा विद्यापीठात त्याने संस्कृतचे अध्यासन स्थापन केले. त्याची विद्वत्ता मला वंदनीय वाटते. पण माझ्या मनात घर केले ते दुसऱ्या जॉन म्यूरने. कारण तो शेतात राबून शिकला.

त्याचा जन्म १८३८ साली डनबार गावी झाला. १८४९ मध्ये वडील त्याला घेऊन अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या रानात गेले. शाळा सुटली, नांगर हाती आला. वडील मोठे कर्मठ. बायबल मुखोद्गत करणे एवढाच अभ्यास त्यांना मान्य होता. नव्या शेतात पाणी नव्हते. तेव्हा हातोडा आणि छिन्नी घेऊन त्या पोराने एकट्याने खडक फोडत सुमारे ९० फूट विहीर खणली. तळाशी साचलेल्या विषारी वायूने एकदा त्याचा प्राणच जायचा. पण एकदोन दिवसांत त्याला पुन्हा खाली उतरावे लागले! आमच्याकडे विहिरीवर काम केलेल्या माणसाला या ९० फुटांचा अर्थ निराळा सांगायला नको.

वडिलांनी पहाटे लवकर उठण्याची परवानगी दिली, तर हा रात्री एकलाच उठू लागला! तळघरातल्या थंडीत त्याने लाकडी घड्याळे बनवली. १८६१ मध्ये तो विस्कॉन्सिन विद्यापीठात दाखल झाला. नेमलेल्या वेळी एकेक पुस्तक समोर आणणारे मेजही त्याने स्वतः तयार केले. मात्र पदवी न घेताच त्याने विद्यापीठ सोडले.

१८६७ मध्ये कारखान्यात कानस डोळ्यात घुसून काही काळ त्याची दृष्टी गेली. ती परत येताच तो सुमारे हजार मैल पायी भटकला. १८६८ मध्ये कॅलिफोर्नियात पोहोचून तो योसेमिटीच्या दरीत रमला. त्याच्या लेखांमुळे १८९० मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. १८९२ मध्ये त्याने सिएरा क्लब स्थापन केला. १९०३ मध्ये खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट त्याच्याबरोबर तेथे उघड्यावर तीन रात्री राहिले.

याच उद्यानात हेच हेची नावाची दरी होती. सॅन फ्रान्सिस्को शहराला पाणी हवे म्हणून तेथे धरण बांधायचे ठरले. म्यूरने कडाडून विरोध केला. १९१३ मध्ये कायदा होऊन तो हरला आणि पुढच्याच वर्षी वारला.

तहानलेल्या शहराला नकार देणारा हा माणूस निष्ठुर होता काय? मला तसे वाटत नाही. पाण्याची किंमत त्याने छिन्नीने मोजली होती. पाणी दुसरीकडूनही आणता येईल, दरी मात्र पुन्हा घडवता येणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. पदवी नसलेल्या या माणसाची ही समज आपण पदवी घेणाऱ्यांनी विसरू नये.