सौसरच्या दगडात बुरशी वाचणारा माणूस : बिरबल साहनी

सावनेर ओलांडून सौसरकडे निघालं की शेताच्या बांधावर नांगराला लागून वर आलेल्या गारेच्या दगडांचे ढीग दिसतात. शेतकऱ्याच्या दृष्टीनं तो फाळ मोडणारा त्रास. बिरबल साहनी यांनी मात्र असल्याच दगडांत कोट्यवधी वर्षांपूर्वीचं रान पाहिलं.

साहनींचा जन्म 14 नोव्हेंबर 1891 चा, आता पाकिस्तानात असलेल्या भेरा गावचा. वडील रुचीराम लाहोरला रसायनशास्त्र शिकवायचे. लाहोरचं शिक्षण आटोपून बिरबल 1911 मध्ये केंब्रिजला गेले. तिथं प्रा. सिवर्ड यांच्या हाताखाली झाडांच्या जीवाश्मांची गोडी लागली, ती कायमची. 1919 ला परत आले आणि 1921 पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक झाले.

आपल्या भागाशी त्यांचा संबंध येतो तो काळ्या पाषाणामुळं. दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर थंड व्हायचा, मधे बराच काळ जायचा, त्यावर तळी साचायची, ताडवर्गातली झाडं वाढायची, मग पुढचा लाव्हा सगळं झाकून टाकायचा. मधल्या गाळात अडकलेल्या झाडपाल्यात सिलिका मुरली आणि त्याचा जसाच्या तसा दगड झाला. नागपूरजवळच्या टाकळीचे असे जीवाश्म हिस्लॉप आणि हंटर या पाद्र्यांनी साहनींच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच गोळा केले होते.

साहनींनी हे काम सूक्ष्मदर्शकाखाली नेलं. दगड कापायचा, चकती काचेवर चिकटवायची आणि आरपार उजेड जाईल इतकी पातळ होईस्तोवर घासत बसायचं. चिकाटीचंच काम! जास्त घासलं तर हाती काहीच उरत नाही. पण जमलं तर पेशी न् पेशी दिसते.

1943 मध्ये त्यांनी एच. एस. राव यांच्यासोबत सौसर परिसरातल्या दगडांवर निबंध छापला. त्यात पाण्यावर तरंगणारा ॲझोला होता, आणि बुरशीही होती. त्यातल्या दोन बुरशींना त्यांनी पेरिस्पोरियासाइट्स आणि पॅलिओसॉर्डारिया अशी नावं दिली. पाला कुजवणारी बुरशी ती, दोन दिवसांत नाहीशी व्हायची चीज. पण फळपिंडांसकट दगडात टिकली.

हे सगळं एका मोठ्या वादाच्या मधोमध चाललं होतं. दख्खनचा लाव्हा डायनासोरच्या काळातला की त्यानंतरचा? बरेच भूवैज्ञानिक आधीचा म्हणायचे. मोहगाव कलानला मिळालेलं निपा ताडाचं फळ आणि हा ॲझोला दाखवून साहनींनी नंतरचा काळ ठामपणे मांडला. आज वय निघालंय साधारण 6.6 कोटी वर्षं, म्हणजे दोन्ही काळांच्या बरोबर सीमेवर. साहनी पूर्ण बरोबर नव्हते, पण वाद त्यांनी खडकाच्या वर्णनावरून झाडांच्या पुराव्यावर आणला, हे मोठं काम.

1936 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्याच वर्षी रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर त्यांना जुन्या नाण्यांचे मातीचे साचे सापडले आणि त्यावरही त्यांनी पुस्तकच लिहिलं.

स्वप्न एकच उरलं होतं, जीवाश्म वनस्पतींसाठी स्वतंत्र संस्था. 3 एप्रिल 1949 ला लखनौत पंडित नेहरूंनी कोनशिला बसवली. सिमेंटमध्ये जीवाश्म बसवून ती शिला साहनींनीच करून घेतली होती. आठवडाही झाला नाही तोच हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. वय 57. इमारत उभी व्हायची होती, पैशाची जुळवाजुळव बाकी होती.

पत्नी सावित्रीबाईंनी ती धुरा खांद्यावर घेतली. 1953 मध्ये इमारत खुली झाली. साहनींची समाधी त्याच आवारात आहे.