पानाची पारख : झिनो दाविदॉफ यांचे आयुष्य

१९८९ साली ८३ वर्षांच्या एका व्यापाऱ्याने स्वतःचेच नाव मिरवणारे एक लाखाहून अधिक सिगार जाहीरपणे अग्नीच्या स्वाधीन केले. माल मौल्यवान होता, गिऱ्हाईकही तयार होते. तरी हा माल आपल्या नावाने विकण्याजोगा नाही, असा त्या व्यापाऱ्याचा निवाडा होता. ज्या क्यूबाच्या तंबाखूवर त्यांनी उभे आयुष्य वेचले, त्याच तंबाखूची ती राख होती. झिनो दाविदॉफ हे त्यांचे नाव. आज ते अत्तरांच्या बाटल्यांवरही दिसते. पण त्या नावाचा उगम एका निर्वासित कुटुंबाच्या लहानशा दुकानात आहे.

झिनो यांचा जन्म ११ मार्च १९०६ रोजी, आज युक्रेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि तेव्हा रशियन साम्राज्यात असलेल्या प्रदेशात झाला. वडील तंबाखूचे व्यापारी. झारच्या राजवटीत ज्यू कुटुंबांवर वारंवार हल्ले होत. घरदार मागे टाकून हे कुटुंब १९११ मध्ये स्वित्झर्लंडला आले आणि पुढच्याच वर्षी वडिलांनी जिनिव्हात तंबाखूचे दुकान थाटले. तेथे रशियातून परागंदा झालेल्या लोकांची ऊठबस असे. खुद्द लेनिन आपल्या वडिलांचे गिऱ्हाईक होते, ही आठवण झिनो पुढे आयुष्यभर आवडीने सांगत राहिले. देश हरवलेल्या त्या घराला दुकान हेच नवे गाव होते आणि वडिलांचे नाव हीच काय ती पुंजी.

शालेय शिक्षण आटोपल्यावर, वयाच्या विशीच्या उंबरठ्यावर, झिनो तंबाखूचा व्यापार शिकण्यासाठी दक्षिण अमेरिकेच्या वाटेला लागले. अर्जेंटिना आणि ब्राझील पाहून ते क्यूबाला पोहोचले. तेथे त्यांनी तंबाखूच्या मळ्यात काम केले. पिनार देल रिओ प्रांतातील व्हुएल्ता अबाहो या भागाची लालसर माती सिगारच्या पानासाठी जगात नावाजलेली. रोप लावण्यापासून पान खुडण्यापर्यंत, लाकडी वाळवणघरात ते सुकवण्यापासून ढीग रचून मुरवण्यापर्यंत, सारी कामे त्यांनी जवळून पाहिली.

सिगारच्या पोटात तीन थर असतात, हे तेथे हाताने शिकता येते. आत भरण, त्याला बांधून ठेवणारे पान आणि सर्वांत बाहेर नितळ, तलम वेष्टन. भरणातही भेद आहेत : रोपाच्या शेंड्याकडची पाने जाड आणि तिखट, मधली सुगंधी, तर बुडाची सहज पेटणारी. यांच्या प्रमाणावर सिगारची चव ठरते. एकाच मळ्यातील, एकाच हंगामातील दोन सिगार वेगळे का लागतात, याचे उत्तर या प्रमाणात, पान मुरण्याच्या काळात आणि वळणाऱ्याच्या बोटांत असते. तमिळ शब्दावरून मराठीत ‘चिरूट’ रूढ झाला, निपाणीच्या वखारींमुळे तंबाखूचा वासही सीमाभागाला परका नाही. पण पानांचा असा मेळ साधणे ही क्यूबाची खास विद्या होती.

१९३०च्या सुमारास झिनो जिनिव्हाला परतले आणि त्यांनी दुकानाचा कारभार हाती घेतला. क्यूबात जे पाहिले होते, त्याचा पहिला उपयोग त्यांनी तळघरात केला. सिगार कोरड्या हवेत तडकतो, तर अति ओल्या हवेत त्याला बुरशी धरते. म्हणून क्यूबाच्या हवेसारखी, सुमारे ७० टक्के आर्द्रता राखणारी खोली त्यांनी जिनिव्हात उभारली. युरोपातील अशा पहिल्या खोल्यांत तिची गणना होते. गिऱ्हाईक खाली उतरे, पेटी उघडे, हुंगे, दोन सिगार शेजारी धरून वेष्टनाचा रंग न्याहाळे. तेथे सिगार विकला जात होता, तसाच तो समजावूनही सांगितला जात होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी एक कल्पक योजना आखली. द्राक्षमद्याच्या रसिकाला बोर्दो परगण्यातील मळ्यांची नावे तोंडपाठ असतात. झिनो यांनी हवानात बनलेल्या सिगारच्या मालिकेला तीच नावे दिली : शातो लाफित, शातो लातूर, शातो मार्गो. मद्याप्रमाणेच सिगारचीही तुलना करावी, तो जुना होऊ द्यावा, प्रसंग पाहून निवडावा, हा विचार त्या नावांतून आपोआप रुजला. रसिकांसाठी त्यांनी फ्रेंचमध्ये पुस्तकही लिहिले. सिगार घाईने पेटवू नये, धूर छातीत ओढू नये, राख उगाच झटकू नये, अखेरच्या तिसऱ्या भागात चव कडवट होऊ लागली की लोभ आवरावा, अशी त्यांची शिकवण होती. कमी ओढा, पण उत्तम तेच ओढा, हा तिचा गाभा. धूर छातीत न ओढल्यानेही तंबाखूचा अपाय टळत नाही, तोंडाचा आणि घशाचा कर्करोग सिगारनेही होतो, हे आज निर्विवाद आहे. त्यांच्या संयमाच्या आग्रहाकडे पाहताना ते विसरून चालणार नाही.

१९५९च्या क्रांतीनंतर क्यूबात सिगारचे कारखाने सरकारजमा झाले. अनेक जुने मालक देशोधडीला लागले. झिनो यांच्यावर मात्र नव्या राजवटीची मर्जी बसली. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्यूबाच्या सरकारी तंबाखू कंपनीने त्यांच्याच नावाचा सिगार काढण्याचे ठरवले. हवानातील एल लागितो या कारखान्यात तो वळला जाऊ लागला. एका दुकानदाराच्या नावाला मिळालेला हा मान दुर्मीळ होता. १९७० मध्ये त्यांनी आपले दुकान आणि नाव बाझलच्या एटिंगर कंपनीला विकले. पण त्या नावाचा चेहरा म्हणून ते जगभर फिरत राहिले.

नाव विकता येते, त्याची जबाबदारी विकता येत नाही, हे पुढच्या दोन दशकांत दिसले. क्यूबातून येणाऱ्या मालाचा दर्जा घसरल्याची दाविदॉफ पक्षाची तक्रार होती. नावावरील हक्काचाही वाद पेटला. त्यातून १९८९ ची ती होळी घडली. पुढच्या वर्षी दाविदॉफ सिगार डोमिनिकन प्रजासत्ताकात बनू लागले. ज्या मातीने तरुणपणी त्यांना विद्या दिली, तिच्याशी असलेले नाते ऐंशी ओलांडल्यावर तुटले.

१४ जानेवारी १९९४ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी जिनिव्हात झिनो यांचे निधन झाले. संपत आलेला सिगार चिरडू नये, रक्षापात्रात ठेवून द्यावा, तो आपला आपण शांतपणे विझतो, असे ते सांगत. हजारो सिगारांना त्यांनी अशी शांत अखेर दिली. वडिलांच्या नावाला बट्टा लागेल असे ज्यांच्याबाबत वाटले, त्या लाखभर सिगारांना मात्र त्यांनी ती नाकारली.