नीळकंठशास्त्री गोऱ्हे : श्रद्धा आणि शंका

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती लेखकांचा विचार करू लागताच बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड ना. वा. टिळक ही नावे प्रथम आठवतात. नीळकंठशास्त्री गोऱ्हे त्या मानाने उपेक्षित राहिले. त्यांचे लेखन बव्हंशी संस्कृत, हिंदी आणि इंग्रजी ह्या भाषांत विखुरलेले असल्यामुळे कोणत्याही एका भाषेच्या वाङ्मयेतिहासाने त्यांना सर्वस्वी आपले मानले नाही. परंतु शंका आणि श्रद्धा एकाच अंतःकरणात जन्मभर कशा नांदतात, हे ज्यास पाहावयाचे असेल त्यास त्यांच्या चरित्राकडे वळणे भाग आहे.

त्यांचा जन्म 8 फेब्रुवारी 1825 रोजी झाशीनजीकच्या एका गावी, उत्तरेत स्थायिक झालेल्या चित्पावन कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब काशीत राहिले आणि तेथेच नीळकंठाचे शास्त्राध्ययन झाले. त्या काळी जॉन म्यूर ह्या स्कॉटिश पंडिताने 1839 मध्ये संस्कृत श्लोकांत रचलेल्या ‘मतपरीक्षा’ ह्या ग्रंथाने शास्त्रीमंडळीत खळबळ उडविली होती. सिहोरचे सुबाजी बापू व बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन ह्यांनी त्यास उत्तरे दिली. तिसरे आणि सर्वांत भेदक उत्तर विशीच्या उंबरठ्यावरील नीळकंठाचे होते. त्याच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ ह्या ग्रंथाची संपादित आवृत्ती 1951 साली उज्जैनहून निघाली. पूर्वजन्म न मानणाऱ्या धर्माला निरपराध जीवांच्या दुःखाची उपपत्ती कशी लावता येईल आणि दयाळू ईश्वर अनंत शिक्षा कशी देईल, हे त्यातील आक्षेप आजही बोथट झालेले नाहीत.

ह्याच आवेशाने ते काशीतील मिशनरी विल्यम स्मिथ ह्यांना निरुत्तर करावयास गेले. पण वादासाठी वाचलेल्या बायबलने त्यांनाच अस्वस्थ केले. कुटुंबाचा आक्रोश, जातीचा बहिष्कार आणि स्वतःच्या मनातील खेचाखेच ह्यांतून जाऊन मार्च 1848 मध्ये जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला व नहेम्या हे नाव धारण केले. पत्नी लक्ष्मी पुढे त्यांच्याकडे आली खरी. परंतु 1853 मध्ये कन्येच्या जन्मानंतर लवकरच ती निवर्तली. ती कन्या, एलन लक्ष्मी, परक्या घरी वाढली आणि पुढे इंग्रजीतील भक्तिगीतांची कवयित्री म्हणून ओळखली गेली. धर्मांतराची किंमत किती घरगुती असते, हे ह्यावरून ध्यानात यावे.

1854 साली महाराजा दुलीपसिंग ह्यांच्यासमवेत ते इंग्लंडला गेले. शुभवर्तमानात वाचलेला धर्म लंडनच्या रस्त्यांवर आपणांस आढळला नाही, ही व्यथा घेऊन ते मॅक्स म्युलर ह्यांच्याकडे गेले होते. ज्यासाठी घर सोडले, ते ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांच्याच नित्याच्या जगण्यात दिसू नये, हे शल्य कोणत्याही ग्रांथिक आक्षेपाहून तीव्र होते. तरीही ते परत फिरले नाहीत.

स्वदेशी येऊन त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ 1860 मध्ये प्रसिद्ध केला. दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल ह्यांनी तो इंग्रजीत आणला. ज्या शास्त्रांच्या बळावर त्यांनी म्यूरला उत्तर दिले होते, त्यांचेच खंडन येथे आहे. ह्याहून लक्षणीय गोष्ट 1868 ची. अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावरील आक्षेपांना उत्तर देणारी इंग्रजी पुस्तिका त्यांनी त्या वर्षी लिहिली. तरुणपणी विचारलेल्या प्रश्नाला चोवीस वर्षांनी त्यांना स्वतःच उत्तर द्यावे लागले. त्या उत्तराने वाचकाचे समाधान होवो अथवा न होवो, तो प्रश्न त्यांच्या मनातून कधी गेला नव्हता एवढे त्यावरून सिद्ध होते.

1870 मध्ये ते धर्मगुरू झाले आणि 1876 मध्ये ऑक्सफर्डनजीकच्या काउली येथील संन्यस्त संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. मात्र अखेरच्या व्रतदीक्षेपर्यंत ते पोहोचले नाहीत. सुमारे एकोणीस वर्षे उमेदवारच राहिले. ह्या वृत्तीला दौर्बल्य म्हणावे, की आपल्या निश्चयाचीही पारख करीत राहणाऱ्या मनाचा प्रामाणिकपणा? प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे.

मुंबई व पुणे येथे त्यांनी ब्राह्म मताच्या मंडळींपुढे दिलेली व्याख्याने 1875 मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ बुद्धिगम्य ईश्वरवाद माणसास पुरेसा आहे काय, हा त्यांतील विचार पुढे पंडिता रमाबाईंनाही निर्णायक वाटला. 1883 मधील त्यांच्या बाप्तिस्म्यामागे गोऱ्ह्यांच्या लेखनाचा वाटा आहे. 29 ऑक्टोबर 1895 रोजी मुंबईत त्यांचा अंत झाला.

त्यांच्या पूर्वायुष्यातील ग्रंथ हिंदू पंडितांनी आणि उत्तरायुष्यातील ग्रंथ ख्रिस्ती उपदेशकांनी आपापल्या सोयीने वापरले. अभ्यासकाने मात्र ते शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. तेव्हाच दिसून येते, की पक्ष बदलला तरी प्रश्नकर्ता एकच राहिला.